दसऱ्यानंतर पक्ष्यांमागे: सिंहगडच्या ओढ्यापासून उजनीच्या पाण्यापर्यंत

पुण्याच्या आसपास पक्षी बघायला कधी जावं, असं विचारलं की बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी सांगतात. थंडी असते, उजनी धरणाकाठच्या भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आलेले असतात, फोटो छान येतात. मला विचाराल तर दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस सोडू नका. पावसाळ्यात इथे वाढलेले काही पक्षी तेव्हा निघायच्या तयारीत असतात, उत्तरेकडून येणारे नुकते उतरत असतात आणि आफ्रिकेकडे निघालेले काही दोन-चार दिवस माळावर थांबून पुढे जातात. हे तिन्ही एकाच आठवड्यात दिसतात ते फक्त याच दिवसांत.

यंदा आत्या, आत्येभाऊ आणि मी असे निघालो. आत्या निवृत्त शिक्षिका आहे. पक्ष्यांच्या नोंदींची तिची वही आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे: तारीख, जागा, हवा, पक्षी, आणि शेवटच्या रकान्यात तो काय करत होता. दादा गाडी चालवतो आणि कुठे काय खायला मिळतं ते त्याला पाठ असतं. कोजागिरी शनिवारी होती, ती भिगवणकडे करायची एवढंच आधी ठरलं होतं.

गुरुवार, सकाळ: सिंहगडची दरी

शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला इतकी गर्दी असते की पक्ष्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम गुरुवार निवडला. खडकवासल्याचं पाणी उजाडता उजाडता मागे टाकलं आणि आतकरवाडीकडच्या ओढ्यात उतरलो. पाऊस थांबून थोडेच दिवस झाले होते. ओढा वाहत होता, पण खळखळ कमी झाली होती. ही स्थिती उत्तम. पाणी आणखी आटलं की डबकी उरतात आणि पक्षी त्यांच्याभोवतीच गोळा होतात, हे खरं, पण तेव्हा माणसंही तिथेच गोळा होतात.

दगडावर शेपटी वरखाली करत करडा धोबी होता. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून लवकर येणाऱ्या पाहुण्यांतला हा एक. ऑगस्ट संपता संपता तो आपल्या ओढ्यांवर हजर होतो, त्यामुळे ऑक्टोबरात तो अगदी रुळलेला दिसतो. झाडांच्या शेंड्यात पर्णवटवट्यांची चिवचिव चालू होती. हे पक्षी इतके चिमुकले आणि एकसारखे, की नजरेपेक्षा कानांनी ओळखावे लागतात. टिकेलचा निळा माशीमार मात्र डोळ्यांसमोरच्या फांदीवर बसून गात राहिला. तो इथलाच, बारमाही.

दहाच्या सुमाराला ऊन ओढ्यात उतरलं आणि स्वर्गीय नर्तक अंघोळीला आला. तांबूस रंगाचा होता, लांब शेपटी नव्हती, म्हणजे मादी किंवा अजून वयात न आलेला नर. फांदीवरून पाण्यात सूर, लगेच परत फांदीवर, पिसं झटकणं, पुन्हा सूर. असं पाच-सहा वेळा झालं. या दरीत फिरत राहण्यापेक्षा एका डबक्याजवळ सावलीत गप्प बसून राहावं, जास्त दिसतं. फिकट किंवा मातकट रंगाचे कपडे घाला. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण इथल्या कमी उजेडात चांगली चालते.

पलीकडच्या डबक्याजवळ काही जण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवत होते. हे मला फार लागतं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी खाणं सोडून धावत येतो, नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. एका फोटोसाठी त्याचा सकाळचा वेळ खर्च करायचा आपल्याला काय अधिकार? आत्या उठून गेली आणि शाळेतल्या मुलांना सांगावं तशा शांत आवाजात तिने त्यांना हे समजावलं. त्यांनी आवाज बंद केला, आणि नंतर तिच्याकडून दोन पक्षी ओळखूनही घेतले.

खाली आल्यावर पिठलं, भाकरी, ठेचा आणि मटक्यातलं दही. त्याबद्दल नव्याने काही सांगायला नको.

गुरुवार, संध्याकाळ: वेताळ टेकडी

शहराच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असलेली ही टेकडी आम्ही प्रवासात मोजतो, कारण त्या संध्याकाळी सर्वांत मोठी गोष्ट इथेच दिसली.

खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर रान सातभाईंचा थवा कलकलाट करत होता. एकाच्या चोचीत हिरवी अळी होती. ती घेऊन तो बोरीच्या जाळीत शिरला आणि समोर बसला होता त्याच्याहून लांब शेपटीचा, तपकिरी पाठीचा, डोक्यावर छोटा तुरा असलेला पक्षी. पंखावर पांढरा डाग. चातकाचं पिल्लू! सातभाई त्याच्या वासलेल्या चोचीत अळी कोंबायचा आणि वळायच्या आत दुसरा सातभाई काहीतरी घेऊन हजर. पिल्लू पंख थरथरवत सारखं मागत होतं. आम्ही वीसेक पावलांवर उभे होतो, त्यांना आमची फिकीर नव्हती.

चातक पावसाबरोबर आफ्रिकेतून येतो, सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो आणि पाऊस संपला की निघून जातो. पिल्लं मागे राहतात. सातभाईंनी वाढवलेलं हे पिल्लू आता काही दिवसांत एकटंच निघेल, समुद्र ओलांडेल आणि ज्या मुलखात ते कधी गेलेलं नाही तिथे पोहोचेल. वाट दाखवायला आई-बाप बरोबर नाहीत. हे वाचून माहीत असतं, पण अळीसाठी रडणारं पिल्लू समोर बघताना त्याचा अर्थ वेगळाच लागतो. आत्याने वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, "सातभाईंकडून भरवून घेत होता. निघायला उशीर झालाय."

टेकडीचा एक भाग गिरिपुष्पाने भरलाय. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं आणि गुरं खात नाहीत म्हणून अनेक टेकड्यांवर लावलं गेलं. हेतू चांगला होता. पण त्या दाट सावलीत गवत येत नाही, बोरी-हेकळीची जाळी येत नाही आणि सातभाई-चातकाची ही सगळी घडामोड तिथे होत नाही. उघड्या, झुडपी भागात पंधरा मिनिटांत जे दिसलं, ते गिरिपुष्पात तासभर चालून दिसलं नाही. हा विचार पुढचे दिवस डोक्यात राहिला.

शुक्रवार: कवडी पाट, गुऱ्हाळ आणि सुप्यातला पाऊस

कवडी पाटला सूर्य उगवायच्या आधी पोहोचायचं. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने जुन्या टोलनाक्यापाशी डावीकडे नदीकडे वळलं की मुळा-मुठेवरचा दगडी बंधारा लागतो.

इथलं खरं सांगायला हवं. शहराचं सांडपाणी या नदीतून येतं. बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचतो, पुरात आलेलं प्लास्टिक काठच्या झाडांवर लटकत असतं आणि वास येतो. तरीही पक्षी आहेत, आणि पुष्कळ आहेत. उथळ पाणी, चिखल आणि चिखलातले किडे-अळ्या यांच्यावर जगणाऱ्यांना इथे भरपूर खाणं मिळतं. पण या भरभराटीवरून नदी बरी आहे असं समजू नये. काठावर म्हशी घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या लहानपणी ह्याच पाण्याला तोंड लावायचो. मासं तर पायाला गुदगुल्या करायचं." आता म्हशींना पाणी पाजायला ते विहिरीवर नेतात.

धुकं होतं, त्यामुळे आधी आवाज आले. शेकाट्यांची टकटक, टिटवीची आरडाओरड. उजेड झाला तसे लांब लाल पायांचे शेकाटे, तुतवार, चित्रबलाक आणि हळदीकुंकू बदकांची जोडपी दिसायला लागली. बंधाऱ्याच्या भिंतीवर नदी सुरय ओळीने बसले होते. आणि पलीकडच्या खडकावर नारिंगी-बदामी रंगाची दोन मोठी बदकं: चक्रवाक. लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या तळ्यांवर वीण करून ते हिवाळ्याला इकडे येतात. मोठे थवे नोव्हेंबरात दिसतात. ही जोडी लवकर आली होती आणि दोघंही डोकं पंखात खुपसून झोपले होते. दादाला त्यांचा उडताना फोटो हवा होता, पण तो थांबला. इतक्या लांबून आलेल्याला उठवायचं नाही, एवढं त्याला न सांगता कळतं.

काठच्या उंच गवतात लाल मुनियाचा नर होता. लालभडक, अंगभर पांढरे ठिपके. पावसाळ्याच्या शेवटी या पक्ष्यांची वीण चालते म्हणून हा रंग ऑक्टोबरात बघायला मिळतो. हिवाळा सरेपर्यंत तो विटतो. त्यानंतर येणाऱ्यांना तपकिरी मुनिया बघून समाधान मानावं लागतं.

कवडी पाटला जाताना जुने बूट घाला, पाण्यात उतरू नका, हात धुवायला पाणी बरोबर ठेवा. आठच्या पुढे ऊन समोरून येतं, त्यामुळे त्याआधी बघून घ्या.

यवतच्या पुढे दादाने गाडी एका गुऱ्हाळाशी थांबवली. दौंड तालुक्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुऱ्हाळं आहेत. कढईतला रस उकळून तांबूस झाला होता, एक जण लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता. त्याने आत्याला आधी बसायला पोतं दिलं, मग वाटीत गरम काकवी. चिपाडाच्या ढिगावर पिवळ्या धोब्यांची धावपळ आणि वर तारेवर भोरड्यांचा थवा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या भोरड्या मध्य आशियातून येतात आणि खरं तर श्रावणातच यायला लागतात. गुऱ्हाळवाल्याचं शेतही होतं. तो म्हणाला, "बाजरी खाऊन संपवत्यात ओ. पर अळ्या बी खात्यात, ते बी खरं." दोन्ही वाक्यं त्याने सारख्याच आवाजात म्हटली.

चौफुल्यावरून सुप्याला वळलो. दुपारी मुक्कामाच्या जागी सामान टाकलं आणि चारच्या सुमाराला माळावर निघालो, तर पूर्वेकडून आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस. अर्धा तास असा कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. आम्ही गाडीतच बसून राहिलो.

पाऊस थांबला, ढगांखालून तिरपं ऊन आलं आणि जमिनीतून वाळवी उडायला लागली. बाभळीच्या बुडाशी भोकाभोकांतून पंखवाल्या वाळव्यांचे लोट वर येत होते. पाच मिनिटांत सगळा माळ तिथे लोटला. वेडे राघू तारेवरून झेपावत होते, कोतवाल हवेतच वळून पकडत होते, साळुंक्या आणि सातभाई जमिनीवर पळत होते. घारीसुद्धा वरून येऊन पायाने पकडत आणि उडता उडताच खात. आणि या सगळ्यात एका खांबावर नीलपंख बसला होता, पण नेहमीचा नव्हे. डोकं, गळा, छाती सगळं सलग फिकट निळं, पाठ विटकरी. युरोपीय नीलपंख.

ओळखायची खूण लक्षात ठेवा. आपल्या भारतीय नीलपंखाच्या छातीवर गुलाबी-तपकिरी छटा आणि रेघा असतात, युरोपीयाच्या छातीवर त्या नसतात. हा पक्षी हिवाळ्याला इथे राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेला जाताना पश्चिम भारतावरून जातो. नोव्हेंबरात आलात तर चुकला. वाळवीचा प्रत्येक घास त्याच्या पुढच्या प्रवासाचा साठा होता. त्याने खांबावरून किती झेपा घेतल्या ते आत्या मोजत होती, नंतर तिने मोजणं सोडलं आणि नुसती बघत राहिली.

शनिवार: मयूरेश्वर आणि बाहेरचा माळ

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. ते चिंकारा हरणांसाठी राखलेलं आहे. तिकीट काढून आपल्या गाडीने आत फिरता येतं. गाडी हा इथे सर्वांत चांगला आडोसा आहे. माणूस खाली उतरला की चिंकारा आणि पक्षी दोघेही दूर जातात, गाडीकडे ते फारसं लक्ष देत नाहीत. इंजिन बंद करून थांबायचं.

कुसळी गवत कमरेएवढं होतं, रात्रीच्या पावसाने ओलं, टोकांना तांबूस झाक आलेली. चिंकाराच्या दोन माद्या कान टवकारून उभ्या होत्या. झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास, तारेवर खाटीक, आभाळात चंडोल. साडेसातच्या सुमाराला भोवत्या हा शिकारी पक्षी आला.

भोवत्याचं उडणं एकदा बघितलं की विसरत नाही. गवताच्या शेंड्यांपासून हात-दीड हातावर, पंख किंचित वर धरून, संथपणे एका रेषेत. हा नर होता: राखाडी, पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी पट्टी. म्हणजे माँटेग्यूचा भोवत्या. पांढुरका भोवत्या याहून फिका, त्याला ही पट्टी नसते, पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असते. माद्या आणि पिल्लं दोन्हींची तपकिरी आणि फसवी. गाडीपासून जवळच तो एकदम हवेत थबकला, पाय खाली सोडले आणि गवतात पडला. वर आला तेव्हा पायात नाकतोडा होता. नाकतोड्याचे मागचे लांब पाय अजून झटके देत होते. भोवत्याने उडता उडताच पाय पुढे घेतला, चोच खाली केली, दोन घासांत संपवलं आणि पंखांचे तुकडे खाली तरंगत आले. त्यातला एक काचेवर पडला.

कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून हे पक्षी इथे येतात ते या नाकतोड्यांसाठी. रात्री ते झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर झोपतात, एकाच माळावर बरेच भोवते एकत्र. म्हणजे गवत गेलं तर त्यांचं जेवण आणि अंथरूण दोन्ही जातं. आपल्याकडे अशा माळाला कागदावर पडीक म्हणतात आणि मग कोणीतरी उत्साहाने तिथे खड्डे खणून झाडं लावतं. झाड लावणं म्हणजे पुण्य हे आपल्या मनात इतकं ठसलंय की गवत वाचवा म्हटलं तर लोक चमकून बघतात. आत्याने सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला माळढोक पाहिलेला आहे. आज तो महाराष्ट्रातून जवळजवळ संपलाय. ती त्याबद्दल फार बोलत नाही, पण माळावर झाडं लावायचा विषय निघाला की तिचा आवाज चढतो.

आम्हाला धाविक बघायचा होता. अभयारण्यात तासभर शोधून मिळाला नाही. बाहेर पडलो तर मेंढ्यांचा कळप आणि त्यामागे एक धनगर आजोबा. आत्याने मोबाईलवरचं चित्र दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हे व्हय. पळतंय, थांबतंय, परत पळतंय, त्येच ना? आतल्या गवतात कुठं सापडायचं ताई. त्याला जमीन दिसाय लागती. त्या चरून झालेल्या तुकड्यात बघा, म्हसोबाच्या पल्याड."

म्हसोबाच्या पलीकडे पाच धाविक होते. तांबूस छाती, डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरी आणि काळी रेघ. दहा-बारा पावलं तुरुतुरु पळायचं, ताठ उभं राहायचं, खाली वाकून किडा उचलायचा, पुन्हा पळायचं. उभा राहिला की पक्षी, वाकला की माती. मधेच दोघं जवळ आले आणि एकाने दुसऱ्याला चोचीने हुसकलं. जरा पुढे माळटिटवी बसली होती आणि वरून पखुर्ड्यांचा छोटा थवा आवाज करत पाण्याकडे गेला. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि कोसभर उडून पिल्लांना ती चोखायला देतो. अशा कोरड्या मुलखात हे केल्याशिवाय पिल्लं जगत नाहीत.

त्या आजोबांमुळे एक गोष्ट पक्की झाली. माळ म्हणजे एकच एक गवत नव्हे. भोवत्याला उंच लागतं, धाविकाला चरलेलं लागतं, खाटकाला मधे मधे काटेरी झुडूप लागतं. मेंढ्या आजोबांबरोबर पुढे सरकतात, मागचं गवत पुन्हा वाढतं, आणि त्यामुळे सगळ्यांना आपापला तुकडा मिळत राहतो. दिवाळी झाली की ते कळप घेऊन घाट उतरून कोकणात जाणार होते. "पाऊस झाला की परत," म्हणाले. आम्ही त्यांना चहा विचारला, त्यांनी उलट आम्हालाच थांबवून मेंढीच्या दुधाचा चहा पाजला. दाट आणि किंचित खारट.

माळावर जाणार असाल तर पायाला जाड मोजे आणि वर पँट खोचून घ्या. कुसळं कापडातून आत शिरतात आणि दिवसभर टोचतात. पाणी भरपूर घ्या, ऑक्टोबरचं ऊन दहानंतर भाजतं. शेतातून जायचं असेल तर मालकाला विचारा, कोणी नाही म्हणत नाही. आणि वाहन कधीही गवतावर घालू नका, चाकोरी सोडू नका. हाताशी आणखी एक दिवस असेल तर इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं गवताळ रान बघा. तिथे वनखात्याची सफारी आहे, नोंदणी आधी करून ठेवा.

दुपारी बारामतीवरून भिगवणकडे. कुंभारगावच्या अलीकडे, पाण्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गाडी काळ्या मातीत रुतली. चाकं फिरत होती, गाडी खाली जात होती. शेतातून दोन मुलं ट्रॅक्टर घेऊन आली, दोर बांधला, दहा मिनिटांत बाहेर. पैसे घ्यायला तयार नव्हती, शेवटी आत्याने त्यांच्या आईसाठी गुऱ्हाळावरची गुळाची ढेप दिली ती घेतली. पाऊस झालेला असेल तर गाडी डांबरावरच ठेवून काठापर्यंत चालत जा.

रात्री मुक्कामाच्या घरी कोजागिरी. अंगणात चूल, पातेल्यात आटवलेलं दूध, केशर, जायफळ. शेजारपाजारची वीसेक माणसं आली होती. ढग पांगले आणि पाण्यावर चांदणं पडलं. डोक्यावरून अधूनमधून रातबगळ्यांचं "क्वाक" ऐकू येत होतं. घरातली धाकटी मुलगी आत्याच्या मांडीवर बसून वहीतली नावं मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येक नावाला विचारत होती, "हा आमच्याकडे येतो?"

रविवार: उजनीचं पाणी

नावाड्याने पहाटे साडेपाचला यायला सांगितलं होतं, तो सव्वापाचलाच दारात उभा. होडी काठावरून ढकलली तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटत होतं.

ऑक्टोबरात रोहित बघायला भिगवणला येऊ नका. भीमेवरचं उजनी धरण या दिवसांत भरलेलं असतं, पाणी बाभळींच्या फांद्यांपर्यंत चढलेलं असतं आणि रोहितांना लागणारी उथळ दलदल पाण्याखाली असते. हिवाळ्यात कालव्यांना पाणी सुटतं, पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि मग ते येतात. जानेवारी ते मार्च त्यांचे. पण भरलेल्या पाण्याची स्वतःची मजा आहे. अर्ध्या बुडालेल्या बाभळींमधून होडी जाते, आणि त्या प्रत्येक बाभळीवर कोणीतरी असतं: पाणकावळे पंख पसरून, राखी बगळे मान आखडून, कवड्या खंड्या पाण्यावर थरथरत.

एका वाळक्या खोडावर ऑस्प्रे होता. पांढरं पोट, डोळ्यावरून गडद पट्टा. नावाड्याने वल्हं थांबवलं. ऑस्प्रे उठला, लांब घेरी घेतली, हवेत पंख मारत थबकला आणि पाय पुढे करून पाण्यावर आदळला. पुरता बुडाला. वर आला तो रिकामा. अंगावरचं पाणी हवेतच झटकून तो पुन्हा घिरट्या घालू लागला. तिसऱ्या खेपेला चांगला वीतभर लांबीचा मासा त्याच्या पायात होता, डोकं पुढे, शेपटी मागे, वाऱ्याला कमी अडेल असा धरलेला. "चिलापी," नावाडी म्हणाला. "आमच्या जाळ्यात बी तीच, त्याच्या पायात बी तीच."

चिलापी म्हणजे तिलापिया, बाहेरून आलेला मासा. उजनीत आता त्याचंच राज्य आहे. नावाडी सांगत होता की त्याच्या वडिलांच्या वेळी इतर जातीचे मासे कितीतरी मिळायचे. वडिलांची जमीनही याच पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि नदीकाठची गावं वर सरकली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, तेव्हा लोक होडीने जाऊन दर्शन घेतात. शेतकऱ्याचा मुलगा मासेमार झाला आणि आता वर्षातले काही महिने पक्षी दाखवतो. कोणता पक्षी कोणत्या खोडावर कधी बसतो हे त्याला तोंडपाठ आहे, नावं मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

परतताना काठाजवळ मुग्धबलाक. याच्या वरच्या आणि खालच्या चोचीत मधे फट असते. तो पाण्यातून गोगलगाय काढून चिखलावर दाबून धरत होता, चोचीचं टोक शिंपल्याच्या दारात घालून झटक्याने मांस ओढत होता. रिकामा शिंपला तसाच, न फुटलेला. काठावर असे शिंपले पसरलेले होते, मी दोन उचलून पाहिले, एकालाही तडा नव्हता.

गढवाल, तलवार बदकं, थापट्ये अजून आले नव्हते, भुवई बदकांचा मात्र एक थवा लांबवर होता. ही बदकं सगळ्यांच्या आधी येतात.

जेवण मुक्कामाच्या घरीच. चिलापीचं कालवण, तळलेले तुकडे, ज्वारीची भाकरी, कांदा. काकूंनी मसाला पाट्यावर वाटला होता आणि आत्याने कृती वहीत उतरवून घेतली, पक्ष्यांच्याच पानावर, शेवटच्या रकान्यात.

होडीसाठी आदल्या दिवशी फोन करून ठेवा आणि सूर्योदयाचीच वेळ मागा. पक्ष्यांच्या फार जवळ नेण्याचा आग्रह धरू नका, थवा उठला की नावाड्यालाही वाईट वाटतं. मुक्काम गावातल्या घरी करा, पैसा गावात राहतो आणि जेवण चांगलं मिळतं. लहान मुलं बरोबर असतील तर ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह धरून या. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्यात २०२० पासून तो साजरा होतो. तेव्हा बऱ्याच ठिकाणी निरीक्षणाच्या फेऱ्या असतात आणि नवख्या माणसाला सोबत मिळते. तोवर चातक आणि युरोपीय नीलपंख गेलेले असतील, पण भोवत्यांची संख्या वाढलेली असेल आणि बदकं उतरायला लागलेली असतील.

आम्ही जानेवारीत पुन्हा कुंभारगावला जातोय, रोहितांसाठी. त्याआधी, दिवाळी झाली की लगेच, सुप्याच्या माळावर एक चक्कर ठरलीय. आत्याला भोवते संध्याकाळी गवतात उतरताना मोजायचे आहेत. धनगर आजोबा घाट उतरायच्या आत भेटले तर त्यांनाही विचारायचंय, भोवते रात्री कोणत्या तुकड्यात बसतात.